मैत्री उसवताना

अमेरिकेत पंचेचाळिशी उलटली की डॉक्टर कोलोनोस्कोपी करून घ्या म्हणून मागे लागतात. पूर्वी ही तपासणी पन्नाशीनंतर सांगत. २०२१मध्ये इथल्या तज्ज्ञ समितीने वयाची मर्यादा पंचेचाळीसवर आणली. तपासणी गुंगीचं औषध देऊन होते, म्हणून दवाखान्याची एक अट असते : घरी न्यायला ओळखीचं मोठं माणूस हजर पाहिजे. एकट्याने टॅक्सी करून जाऊ देत नाहीत. जोडीदार आईच्या आजारपणासाठी भारतात गेलेला, मुलं कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात, अशा वेळी माणूस फोनमधली नावं वर-खाली करत बसतो. नावं शेकड्यांनी असतात. गणपतीला भेटणारी, दिवाळीत फराळाचे डबे देणारी-घेणारी, वाढदिवसाला न चुकता केकचं चित्र पाठवणारी. पण बुधवारी सकाळी साडेसहाला कामावरून रजा काढून माझ्यासाठी गाडी घेऊन ये, असं यातल्या कोणाला हक्काने सांगावं, ते ठरत नाही. पंधरा वर्षांपूर्वी एक नाव चटकन ओठांवर आलं असतं. त्या माणसाशी आता जाणं-येणं राहिलेलं नाही.

पन्नाशीच्या आसपासच्या मराठी माणसांना हा अनुभव इथे सर्रास येतो, पण त्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही. घटस्फोटाबद्दल आता बोललं जातं, नोकरी गेल्याबद्दल बोललं जातं. मैत्री संपली हे सांगायला मात्र लाज वाटते. आपल्या स्वभावातच काहीतरी खोट असणार, असं मनात येतं. मला वाटतं, बहुतेक वेळा खोट स्वभावात नसते. ज्या परिस्थितीने ती मैत्री जुळवली, ती परिस्थिती बदललेली असते. शिवाय इथे मैत्रीवर आपण सगळ्या नात्यागोत्याचा भार टाकलेला असतो आणि तो तिला जन्मभर पेलेलच असं नाही. हे नीट समजलं, तर कोणती मैत्री नुसती सैल होऊ द्यायची आणि कोणती खरोखर संपवायची, हे ठरवणं जरा सोपं जातं.

नात्यागोत्याचा भार म्हणजे काय, ते शाळेच्या फॉर्मवर दिसतं. मुलाचं नाव घालताना एक रकाना भरावा लागतो : आईवडील फोन उचलत नसतील तर कोणाला बोलवायचं? पुण्याला किंवा नागपूरला तिथे आजी, आत्या, काका लिहिता आले असते. इथे वरच्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहणाऱ्या मैत्रिणीचं नाव लिहिलं जातं. बाळंतपणाला आईला व्हिसा मिळाला नाही, तर डिंकाचे लाडू मैत्रीणच करते. वडील गेल्याचा फोन रात्री दोनला येतो, तेव्हा मित्र तिकीट काढतो, त्याची बायको बॅग भरते आणि मागे राहिलेली मुलं आठवडाभर त्यांच्या घरी झोपतात. भाऊबीजेला ओवाळायला भाऊ नसतो, म्हणून मैत्रिणीचा नवरा पाटावर बसतो. मुलं तर या सगळ्यांना काका, मावशी, आत्या म्हणूनच वाढतात. सख्खे काका-मावशी त्यांना फोनच्या पडद्यावरच जास्त भेटलेले असतात.

ही रीत आजची नाही. आनंदीबाई जोशींची अमेरिकेतली पहिली मैत्रीच नात्यात बदलली होती. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर दंतवैद्याकडे आपला नंबर यायची वाट पाहत बसल्या होत्या. तिथे चाळलेल्या एका मिशनरी मासिकात आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांचा पत्रव्यवहार त्यांच्या वाचनात आला आणि त्यांनी या अनोळखी घराला पत्र लिहिलं. पत्रांची ये-जा तीन वर्षं चालली. एप्रिल १८८३मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून गोपाळरावांशिवाय निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या आणि राहिल्या त्या कार्पेंटरबाईंच्या घरी. त्यांना त्या मावशी म्हणत. धर्म वेगळा, भाषा वेगळी, वयात मोठं अंतर. पण परक्या देशात आजारपणात उशाशी बसणारं माणूस मावशीच व्हायला हवं होतं. मार्च १८८६मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटरबाईंकडे पाठवली. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ती आजही आहे.

अशी मैत्री जुळते कशी, याचा अभ्यास झालेला आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या समाजशास्त्रज्ञ रिबेका अ‍ॅडम्स तीन गोष्टी लागतात असं सांगतात : माणसं जवळ राहायला हवीत, ठरवल्याशिवाय पुन्हा पुन्हा भेटायला हवीत, आणि जिथे भेटतात तिथे मन मोकळं करता यायला हवं. कॅन्सस विद्यापीठातले जेफ्री हॉल यांनी २०१८मध्ये यात तासांचा हिशेब घातला. नुकत्याच नव्या गावी आलेल्या माणसांना आणि कॉलेजात नव्याने दाखल झालेल्या मुलांना त्यांनी विचारलं, की नव्या ओळखीच्या माणसासोबत तुमचा किती वेळ गेला आणि आता तो तुमचा कोण? ओळखीचा माणूस साधारण पन्नास तासांनी बऱ्यापैकी मित्र होतो, नव्वद तासांच्या आसपास मित्र होतो आणि जिवलग व्हायला दोनशेहून जास्त तास लागतात, असं त्यातून निघालं. कामाच्या ठिकाणी शेजारी बसून काढलेले तास यात फारसे कामाला येत नाहीत. मोकळ्या वेळातले तास मोजायचे.

आता १९९८-९९ सालचं न्यू जर्सीतलं, कॅलिफोर्नियातलं किंवा टेक्ससमधलं एखादं अपार्टमेंट संकुल डोळ्यांपुढे आणा. १९९०च्या कायद्याने एच-वन-बी व्हिसा सुरू झाला होता, दोन हजार सालच्या संगणकी घोळाच्या धास्तीने कंपन्यांना माणसं हवी होती, आणि मुंबई-पुण्याहून पंचवीस-सत्तावीस वर्षांची जोडपी दोन सुटकेसा आणि एक प्रेशर कुकर घेऊन येत होती. पाच इमारतींना मिळून एकच कपडे धुण्याची खोली. गाडी एकाच घरात, म्हणून वाणसामान आणायला तीन घरं एकत्र जात. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बायकांना नोकरीची परवानगी नव्हती, त्यामुळे दुपारभर एकमेकींच्या घरी बसणं. संध्याकाळी मुलांना झोपाळ्यावर सोडून बाकावर गप्पा. दोनशे तास सहा महिन्यांत भरत. त्या वयात, त्या एकटेपणात, त्या जागेत मैत्री न होणंच अवघड होतं. आपण निवडून मित्र केले असं आपल्याला वाटतं, पण निवड बरीचशी त्या संकुलाच्या भाडेकराराने केली होती.

आणि ती मैत्री दोन माणसांची नव्हती, दोन घरांची होती. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. दोघी मैत्रिणींचं जमलं की त्यांच्या नवऱ्यांनी एकमेकांशी जमवून घ्यायचं, मुलांनी एकमेकांच्या खोल्यांत खेळायचं, सुट्ट्या एकत्र काढायच्या. अशी चार-पाच घरं मिळून एक ग्रुप होतो. त्यात एका जोडीचं बिनसलं की आठ-दहा मोठ्या माणसांना आणि तेवढ्याच मुलांना त्याची झळ लागते. भारतात दोन मित्र दुरावले तर बाकीचं गणगोत जागेवर असतं. इथे त्याच माणसांमध्ये गणगोतही असतं, म्हणून मैत्री मोडताना घराच्या वाटण्या झाल्यासारखं दुःख होतं. तेही कुठे बोलून दाखवता येत नाही, कारण कागदोपत्री तुटलेलं काहीच नसतं.

ग्रुप फुटण्याची कारणं क्वचितच भांडणाची असतात. पहिली फूट घरं घेताना पडते. इथे सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून मिळते, त्यामुळे मुलं पाच वर्षांची झाली की प्रत्येक जण आपल्या ऐपतीप्रमाणे चांगल्या शाळेचं गाव शोधतो. कोणी एडिसनला, कोणी प्रिन्स्टनजवळ, कोणी अजून लांब. वीस मिनिटांचं अंतर होतं, मग चाळीसचं. जी भेट जिन्यात व्हायची ती आता तीन आठवडे आधी कॅलेंडरवर टाकावी लागते. ठरवल्याशिवाय होणाऱ्या भेटी संपल्या की अ‍ॅडम्स यांच्या तीन अटींमधल्या दोन तिथेच निकालात निघतात.

दुसरी फूट इमिग्रेशनच्या रांगेत पडते. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांपैकी साधारणपणे कोणत्याही एका देशाच्या वाट्याला वर्षाला सात टक्क्यांहून जास्त येऊ शकत नाहीत. भारतीयांची रांग त्यामुळे अनेक वर्षांची आहे. एकाच विमानाने आलेल्या दोन मित्रांपैकी एकाला कंपनीने मॅनेजर म्हणून वेगळ्या वर्गात टाकलं आणि त्याला तीन-चार वर्षांत कार्ड मिळालं. दुसरा पंधरा वर्षं थांबला. पहिला नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढतो, त्याची बायको शिकायला लागते. दुसऱ्याला नोकरी गेली तर दुसरी शोधायला साठ दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात सापडली नाही तर घरदार आवरून देश सोडायचा. दोघंही शनिवारी एकाच टेबलावर जेवतात, पण एकाला ज्या गोष्टीची काळजी आहे ती दुसऱ्याच्या आयुष्यातून केव्हाच गेलेली असते. कोणी कोणाचं वाईट चिंतत नाही. बोलण्याचे विषय मात्र कमी होत जातात.

तिसरी फूट मुलांच्या कॉलेजप्रवेशाची, आणि ती सगळ्यात जास्त बोचते. अकरावी-बारावीत गेलेली मुलं एकाच शाळेतून त्याच मोजक्या विद्यापीठांना अर्ज करतात. ज्या मैत्रिणीला मूल रात्री दूध पीत नाही इथपासून सगळं माहीत असतं, तिच्यापासून अर्ज कुठे केला ते लपवलं जातं. माझ्या एका मैत्रिणीचं आणि माझं असंच झालं. माझी मुलगी जन्मली तेव्हा ती रोज दुपारी अळिवाची खीर आणि मऊ भात घेऊन यायची. स्टीलच्या डब्याच्या झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं होतं. मुली एकत्र रांगल्या, एकत्र मराठी शाळेत गेल्या. बारावीच्या वर्षी आम्ही भेटलो की रस्त्यावरच्या बर्फाबद्दल आणि भारताच्या तिकिटांच्या भावाबद्दल बोलायचो. मुली दोन वेगळ्या राज्यांत गेल्या, आणि आम्हाला एकमेकींच्या दारात उभं करणारं काही उरलं नाही. ती वाईट वागली नाही. तिचा एक डबा माझ्याकडे राहिला आहे आणि मी त्यात मेतकूट ठेवते.

यात आपलंच काही चुकलं का, असा प्रश्न पडणाऱ्यांनी एक-दोन अभ्यास माहीत करून घ्यावेत. नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठातल्या गेराल्ड मोलेनहोर्स्ट यांनी लोकांना त्यांच्या जवळच्या माणसांची नावं विचारली आणि सात वर्षांनी पुन्हा विचारली. माणसांची एकूण संख्या साधारण तेवढीच होती. नावं मात्र जवळजवळ निम्मी बदलली होती. दुसरा अभ्यास २०१६चा. फिनलंड आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी एका युरोपीय देशातल्या लाखो मोबाइलधारकांच्या फोनच्या नोंदी पाहिल्या. माणूस किती जणांशी संपर्कात असतो, हा आकडा पंचविशीच्या सुमारास सर्वांत मोठा असतो आणि तिथून उतरत जातो. म्हणजे चाळिशीत मित्र कमी झाले असं वाटतं ते भास नव्हे, आणि ते तुमच्या एकट्याच्याच बाबतीत झालेलं नसतं.

स्टॅनफर्डच्या लॉरा कार्स्टेन्सन यांनी या उताराचा अर्थ लावला तो मला फार पटतो. तरुणपणी आयुष्य लांबच लांब पसरलेलं दिसतं, तेव्हा माणूस नव्या ओळखी गोळा करतो. कोण कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. पुढे वेळ मोजका आहे ही जाणीव होते, तेव्हा तो ज्यांच्यासोबत बरं वाटतं त्यांच्याकडेच वळतो आणि कडेच्या ओळखी सोडून देतो. वय झालेली माणसं मनाने जास्त समाधानी का असतात, याचं एक कारण त्यांना यात सापडलं. इथल्या आपल्या लोकांना ही जाणीव एका विशिष्ट क्षणी होते : आईवडिलांपैकी एक जातं आणि अंत्यदर्शनाला वेळेवर पोचता येत नाही. त्या वर्षी परत आल्यावर पुष्कळांनी शनिवारच्या पार्ट्या कमी केल्याचं मी पाहिलं आहे.

पण कमी होणं आणि संपून जाणं यात फरक आहे, आणि अमेरिकेत दुसरीच गोष्ट वाढते आहे. १९९०मध्ये जवळचा एकही मित्र नाही असं सांगणारे अमेरिकन ३ टक्के होते. २०२१च्या पाहणीत ते १२ टक्के निघाले, पुरुषांमध्ये तर १५ टक्के. देशाचे तेव्हाचे सर्जन जनरल विवेक मूर्ती (त्यांचं कुटुंब मूळचं कर्नाटकातलं) यांनी २०२३मध्ये एकटेपणावर स्वतंत्र इशारापत्र काढलं. मित्रांसोबत प्रत्यक्ष घालवलेला वेळ २००३मध्ये दिवसाला सरासरी ६० मिनिटं होता, तो २०२०मध्ये २० मिनिटांवर आला, असं त्यात नोंदलं आहे. २०२० हे कोविडचं वर्ष होतं हे खरं, पण उतरण त्याच्या पुष्कळ आधी लागलेली होती. याचा संबंध थेट आयुष्याशी आहे. मानसशास्त्रज्ञ जुलियन होल्ट-लुन्स्टॅड यांनी २०१०मध्ये १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले; तीन लाखांहून जास्त माणसांची माहिती त्यात होती. माणसांशी घट्ट संबंध असलेल्यांची त्या त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा ५० टक्क्यांनी जास्त होती. मराठी पुरुषांबद्दल मला इथे खास काळजी वाटते. त्यांची मैत्री बायकांनी चालवलेली असते. कोणाकडे कधी जायचं हे त्या ठरवतात. बायकांचं बिनसलं की त्यांचे नवरे एकमेकांना पुन्हा स्वतःहून फोन करत नाहीत, आणि साठीला पोचल्यावर त्यांच्याजवळ नोकरीखेरीज काही नसतं.

मग कोणती मैत्री संपवावी? याच होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांचे सहकारी बर्ट उचिनो यांनी एक वेगळा प्रयोग केला होता. लोकांच्या दंडाला रक्तदाब मोजणारं यंत्र दिवसभर बांधून ठेवलं आणि ते कोणासोबत असताना दाब किती होता ते पाहिलं. न आवडणाऱ्या माणसासोबत तो वाढेल अशी कोणाचीही अपेक्षा असेल. प्रत्यक्षात सर्वांत जास्त वाढला तो ज्यांच्याबद्दल जीवही आहे आणि धास्तीही आहे, अशा माणसांसोबत. कधी मायेने विचारेल, कधी चारचौघांत टोचून बोलेल, आज कोणतं रूप दिसेल सांगता येत नाही. शत्रूपासून आपण सावध असतो. अशा मित्रासमोर मात्र प्रत्येक वेळी नव्याने दार उघडून उभं राहावं लागतं. अशा मित्राकडे शनिवारी जायचं असेल त्या दिवशी दुपारपासून डोकं दुखायला लागत असेल, घरी परतताना गाडीत दोघांपैकी एक जण गप्प होत असेल, तर ते लक्षण गंभीरपणे घ्यावं.

तरीही अशी मैत्रीसुद्धा एकदम तोडू नये, असं माझं मत आहे. इसवी सनापूर्वी ४४मध्ये सिसेरोने मैत्रीवर एक छोटा ग्रंथ लिहिला. त्यात केटोचा एक सल्ला तो सांगतो : मैत्री संपवायचीच असेल तर ती उसवावी, फाडू नये. टाके एकेक काढले की कापड शिल्लक राहतं. या दोन हजार वर्षांपूर्वीच्या सल्ल्याला ऑक्सफर्डचे रॉबिन डन्बार यांच्या वर्तुळांचा आज आधार मिळतो. डन्बार म्हणतात, माणसाभोवती मैत्रीची वर्तुळं असतात : अगदी आतलं साधारण पाच जणांचं, मग पंधरा, पन्नास आणि दीडशे. आतल्या पाचांतली माणसं आठवड्यातून एकदा तरी संपर्कात असतात; दीडशेतली वर्षातून एकदा भेटली तरी पुरतं. म्हणजे एखाद्याला आयुष्यातून काढून टाकण्याची गरज बहुतेक वेळा नसते. त्याला पाचातून पन्नासात जाऊ द्यायचं असतं. गणपतीच्या आरतीला शेजारी उभं राहायचं, पटेल ब्रदर्समध्ये भाजी निवडताना दिसला तर आईची तब्येत विचारायची, पण सुट्टीची सहल एकत्र काढायची नाही.

आपल्या छोट्या मराठी वस्तीत तर हाच एक मार्ग चालतो. एका महानगराच्या परिसरात एक महाराष्ट्र मंडळ, एक-दोन मराठी शाळा, तेच ढोल-ताशा पथक. ज्याच्याशी बोलणं टाकलं, तोच दसऱ्याला नाटकाच्या प्रयोगात दोन खुर्च्या सोडून बसलेला असतो. सगळ्यात वाईट रीत म्हणजे एका कुटुंबाला वगळून बाकीच्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर गुपचूप नवा ग्रुप काढणं. जुना ग्रुप तसाच ठेवतात, त्यावर फक्त सणांच्या शुभेच्छा येतात, आणि त्या घराला ट्रिपचे फोटो फेसबुकवरून कळतात. हा भ्याडपणा आहे, आणि त्यात सर्वांत जास्त मुलं भरडतात, कारण त्यांना कारण कोणी सांगत नाही.

उसवताना साधी वाक्यं पुरतात. “या वर्षी आम्ही लेबर डेच्या ट्रिपला येत नाही, तुम्ही ठरवा.” कारण सांगायची गरज नाही, खोटं कारण तर मुळीच सांगू नये, ते पुढच्या वेळी अंगावर येतं. मुलांना वेगळं सांगावं : “आमचं येणं-जाणं कमी झालंय, तुमची मैत्री तुमची आहे, गाडीने सोडायला आम्ही आहोत.” चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं.

काही वेळा मात्र स्पष्ट बोलून थांबावंच लागतं. उसने दिलेले पैसे बुडवले, दोघांनी मिळून काढलेल्या धंद्यात हिशेब लपवले, घरात कोणी हात उचलतो हे माहीत असून त्याचीच बाजू घेतली. किंवा विश्वासाने सांगितलेली गोष्ट बाहेर गेली. इथे हे शेवटचं फार घडतं. मुलाला नैराश्य आलंय, तो कॉलेज सोडून घरी बसलाय, हे आईने रडत रडत एका मैत्रिणीला सांगितलं आणि पुढच्या पॉटलकला सगळं स्वयंपाकघर तिच्याकडे दयेने बघायला लागलं. अशा वेळी हळूहळू भेटी कमी करणं म्हणजे दुखणं अंगावर काढणं. समोरासमोर किंवा फोनवर, मेसेजवर नव्हे, तीन वाक्यांत सांगावं : “माझ्या मुलाची गोष्ट तू इतरांना सांगितलीस. मला ते सहन झालेलं नाही. मी आता तुझ्याकडे येणार नाही, आणि मी याबद्दल दुसऱ्या कोणाशी बोलणार नाही.” शेवटचं वाक्य पाळणं सगळ्यात अवघड. ते पाळलं नाही तर ग्रुपातल्या प्रत्येकाला बाजू निवडावी लागते, आणि एक मैत्री संपवताना चार संपतात.

संपलेली मैत्री पुन्हा जुळते का? अमेरिकेच्या इतिहासात याचं एक ठळक उदाहरण आहे. जॉन अ‍ॅडम्स आणि थॉमस जेफरसन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या वेळचे सहकारी, पुढे युरोपात एकमेकांच्या घरी जेवणारे मित्र. १८००च्या अध्यक्षीय निवडणुकीत दोघं समोरासमोर उभे राहिले, प्रचार विखारी झाला, अ‍ॅडम्स हरले आणि जेफरसनच्या शपथविधीला न थांबता पहाटेच गाव सोडून गेले. अकरा वर्षं अबोला होता. तो सोडवला दोघांच्या सामाईक मित्राने, फिलाडेल्फियाच्या डॉ. बेंजामिन रश यांनी. ते दोघांनाही पत्रांतून चुचकारत राहिले. १ जानेवारी १८१२ला अ‍ॅडम्सनी पहिलं पत्र धाडलं आणि घरी विणलेल्या कापडाचे दोन नग पाठवतोय असं लिहिलं. ते होते त्यांच्या मुलाने लिहिलेल्या पुस्तकाचे दोन खंड. पुडकं पत्राच्या मागून पोचायचं होतं. जेफरसनना वाटलं खरोखरच कापड येतंय, आणि त्यांनी व्हर्जिनियातल्या घरगुती विणकामावर लांबलचक उत्तर लिहिलं. जुन्या भांडणाचा निवाडा आधी करू, मग बोलू, असं दोघांनीही म्हटलं नाही. पुढच्या चौदा वर्षांत त्यांनी दीडशेहून जास्त पत्रं लिहिली.

यात वेळेचाही भाग आहे, हे विसरू नये. टिळक आणि आगरकर कॉलेजपासूनचे मित्र. १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, पुढच्या वर्षी ‘केसरी’, १८८२मध्ये डोंगरीच्या तुरुंगात एकत्र एकशे एक दिवस. आधी राजकीय सुधारणा की सामाजिक, या वादात आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला, आणि दोघं एकमेकांवर जाहीरपणे तुटून पडले. जून १८९५मध्ये आगरकर गेले तेव्हा ते अवघे अडतीस वर्षांचे होते. अ‍ॅडम्स नव्वद वर्षं जगले. ज्या रागाला अकरा वर्षं निवायला मिळतात तो निवतो. आगरकरांना ती वर्षं मिळाली नाहीत. एखाद्याशी अबोला धरताना मी हे लक्षात ठेवते. इतक्या वर्षांनी पहिलं पत्र कसं लिहायचं, याचा धडा अ‍ॅडम्सनी घालून दिलाच आहे : झालं-गेलं उकरून काढायचं नाही, काहीतरी वाचायला किंवा खायला पाठवायचं आणि उत्तराची घाई करायची नाही.

आणि नवी मैत्री? पन्नाशीत ती होत नाही असं सगळे म्हणतात. हॉल यांचा तासांचा हिशेब वयाने बदलत नाही, एवढंच मला दिसतं. दोनशे तास काढायची जागा बदलते. उत्तर अमेरिकेतल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी भरतं. २०२४चं सॅन होजेला झालं. त्यासाठी किंवा गावच्या मंडळासाठी जे नाटक बसवतात, त्यांच्या तालमी कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये सहा-सहा महिने चालतात. रविवारी दुपारी चार तास, शेवटच्या महिन्यात रोज. संवाद विसरणं, एकमेकांवर चिडणं, चहा करणं, उशीर झाला म्हणून तिथेच पिठलं-भात टाकणं. दोन नाटकं झाली की दोनशे तास होतात, आणि विशेष म्हणजे तिथे माणूस एकटा येतो. कोणाची बायको, कोणाचा नवरा, कोणाची आई म्हणून येत नाही.

काहींना ही जागा मंडळाबाहेरही सापडते आहे. पिकलबॉलच्या कोर्टवर, गावच्या वाचनालयातल्या वाचनगटात, कुत्रं फिरवताना. पंचविशीत आपण भाषेवरून मित्र केले, कारण दिवसभर इंग्रजी ऐकून थकलेल्या कानांना मराठी हवी असायची. आता पोलंडहून आलेली विधवा शेजारीण, निवृत्त झालेला आयरिश वंशाचा फायरमन, केरळची नर्स अशी माणसं आठवड्यातून तीनदा भेटतात आणि त्यांना आपलं काही जुनं माहीत नसतं. कोणाचं ग्रीन कार्ड आधी आलं, कोणाची मुलगी कुठे गेली, याची त्यांना खबर नाही आणि फिकीरही नाही. परवा आमच्या चालण्याच्या गटातल्या पोलिश बाईंनी मला विचारलं, डोळ्यांतला मोतीबिंदू काढायचा आहे, गुरुवारी सकाळी कोणी घेऊन जाईल का? मी रजेचा अर्ज टाकला आहे.